सुगंधी ऑर्किड घरी वाढवणे: कुठल्या गावात कुठलं झाड?

रानजाई

बागकामाच्या इतर धाग्यांवर ऑर्किडचा विषय मधेच निघतो आणि टोमॅटो-कढीपत्त्यात हरवून जातो म्हणून हा वेगळा धागा काढतेय. आणि मुद्दाम फक्त वासाच्या ऑर्किडसाठी, कारण "ऑर्किड दिसायला सुंदर पण वास कुठे असतो त्याला" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता एकदा नीट लिहायलाच हवं.

लोकांचा असा समज व्हायला कारण आहे. आपल्याला ऑर्किड दिसतं ते हॉटेलच्या लॉबीत, नाहीतर गुच्छात. म्हणजे संकरित फॅलेनॉप्सिस नाहीतर डेंड्रोबियमची कापलेली फुलं. ही झाडं पिढ्यानपिढ्या रंग, आकार आणि फूल किती दिवस टिकतं हे बघून निवडत आणलीत, त्यात वास मागे पडला. मूळ जंगली जातींचं तसं नाही, तिथे वास घेऊनच मधमाशी नाहीतर पतंग फुलापर्यंत येतो, त्यामुळे कितीतरी जातींना दरवळ आहे आणि तोही एकसारखा नाही, कुणाचा लिंबाचा, कुणाचा खोबऱ्याचा, कुणाचा चॉकलेटचा.

मी ठाण्याला राहते, बाल्कनी पूर्वेला. दमट हवा, थंडी नावालाच, रात्रीसुद्धा उबदार. अशा ठिकाणी निवड चुकली तर झाड मरत नाही पण फुलतही नाही, नुसती पानं बघत बसायची. म्हणून आधी गावाची हवा बघा, मग झाड. मला मुंबई-ठाण्याच्या हवेत पूर्ण भरवशाची वाटणारी ही तीन.

ब्रॅसाव्होला नोडोसा. मेक्सिकोपासून व्हेनेझुएलापर्यंत उष्ण सखल भागात, समुद्राजवळ अगदी खारफुटीवरसुद्धा वाढणारं झाड आहे, त्यामुळे खारं वारं आणि उकाडा ह्याचं त्याला काही वाटत नाही. पानं जाड, पेन्सिलीसारखी गोलसर, पाणी साठवणारी. पांढरं फूल. दिवसा नाक लावलंत तर काही कळणार नाही, दिवेलागणीनंतर वास सुरू होतो कारण हे फूल रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे. ऑफिसातून उशिरा घरी येणाऱ्यांनी हेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, सकाळचा सुगंध त्यांच्या काय कामाचा?

ऱ्हिंकोस्टायलिस जायगँटिया. थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम इकडचं. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत जाडजूड तुरे लोंबतात आणि वास एवढा असतो की एक तुरा हॉलला पुरतो. ह्याला मुळं छेडलेली अजिबात चालत नाहीत, जाळीच्या टोपलीत एकदा बसलं की बसू द्यावं.

फॅलेनॉप्सिस बेलिना. बोर्निओचं. फॅलेनॉप्सिसच, पण दुकानातल्यासारखं उंच दांडीवर डझनभर फुलं असं नाही, आखूड दांडा, एकेक-दोनदोन फुलं, आणि वास दिवसा, फुलाजवळ गेलं की लिंबू आणि गुलाब ह्यांच्या मधला काहीतरी. दुकानातल्या फॅलेनॉप्सिसला कळी धरायला काही आठवडे जरा गार हवा लागते, बेलिनाला तशी लागत नाही, ते उन्हाळ्या-पावसाळ्यातच फुलतं. मुंबईकरांसाठी हा फरक फार मोठा आहे.

आता तुम्ही लिहा. फक्त कृपया गाव, बाल्कनीची दिशा आणि पाणी कुठलं घालता हे सांगा, त्याशिवाय सल्ला देता येत नाही.

कोथरूडकर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पुण्याचा हिशोब अगदी उलटा आहे रानजाई ताई. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री छान गार होतं त्यामुळे साधं फॅलेनॉप्सिस आपोआप दांडा काढतं, पण मार्च ते मे हवा इतकी कोरडी की वँडाची (हे मोकळ्या लोंबत्या मुळांचं ऑर्किड) मुळं दुपारपर्यंत पांढरीफटक. मी शेरी बेबी सुचवेन. पूर्ण नाव ऑन्सिडियम शेरी बेबी, संकर आहे, बारीक बारीक तांबूस फुलांचा मोठा फांद्याफांद्यांचा तुरा आणि वास सरळसरळ चॉकलेटचा. खाली फुगीर कंद असतो त्यात पाणी साठतं, त्यामुळे एखाद दिवस पाणी चुकलं तरी निभावतं. पूर्वेचं ऊन, उन्हाळ्यात ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट.

आणि कोरडेपणासाठी लोक दिवसातून पाच वेळा स्प्रे मारतात त्याचा फारसा उपयोग होत नाही, दहा मिनिटांत वाळतं. त्यापेक्षा रुंद ट्रेमध्ये खडी, त्यात पाणी, वर पालथी ताटली आणि त्यावर कुंडी, आणि झाडं एकमेकांजवळ ठेवा. कुंडीचा तळ पाण्यात बुडता कामा नये एवढं बघा.

ऊनसावली

मस्त माहिती! माझ्याकडे हेच शेरी बेबी आहे (डोंबिवली, पश्चिमेची खिडकी), ह्यावेळी भरपूर फुललंय पण वास काहीच नाही :( मी ऑफिसला जाताना आठला आणि रात्री आल्यावर रोज हुंगून बघते. खोटं झाड मिळालं का?

रानजाई

@ऊनसावली, झाड खरंच असणार. रविवारी अकरा ते दोनच्या मधे हुंगून बघा, फुलावर ऊब आल्यावर. शेरी बेबीचा वास दिवस तापला की सुटतो, तुम्ही बघताय त्या दोन्ही वेळा त्याच्या नाहीत. शिवाय फूल उमललं की लगेच वास येतो असं नाही, एक-दोन दिवस जाऊ द्यावे लागतात. आणि एकाच नावाच्या दोन झाडांतही कमीजास्त असतं. म्हणून विकत घेताना शक्यतो फुललेलं झाड, त्याच्या वासाच्या वेळेला जाऊन, हुंगून घ्यावं. ब्रॅसाव्होला घ्यायला सकाळी नर्सरीत गेलात तर नर्सरीवालाही काही करू शकत नाही.

सह्यकडा

परदेशी जातींबद्दल छान चाललंय पण आपल्या सह्याद्रीतल्या आमरी (म्हणजे आपल्याकडची ऑर्किडं) कुणी काढल्याच नाहीत म्हणून लिहितो. वासाच्या बाबतीत त्या कुणाला हार जाणाऱ्या नाहीत. एरिडीस क्रिस्पा आणि एरिडीस मॅक्युलोसा, दोन्ही पावसाच्या तोंडावर फुलतात, गुलाबी-जांभळे तुरे, आणि आंबोली-राधानगरीकडे मे अखेर-जूनमध्ये झाडाखालून चालताना आधी वास येतो आणि मग मान वर करून शोधावं लागतं की फुललंय कुठे. ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा म्हणजे आपली सीतेची वेणी, रानजाईंनी लिहिलेल्या जायगँटियाची सख्खी बहीण, वास मंद पण तुरा बघत राहावा असा. आसामात तिला कोपौ म्हणतात, बिहूला मुली केसात माळतात, तिथलं राज्यफूल आहे ते. आणि वँडा टेसेलाटा, पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर नक्षी, मधे निळसर-जांभळी जीभ, वास जबरदस्त.

आता मुद्द्याचं, आणि हे मी कळकळीने लिहितोय. घाटात, थंड हवेच्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला टोपलीत "जंगली ऑर्किड" म्हणून जे विकतात ते कृपा करून घेऊ नका. ते झाडावरून ओरबाडून काढलेलं असतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठाच नसतो, त्यामुळे फांदीवर नेमकी बुरशी भेटली आणि तिने पोसलं तरच ते रुजतं, आणि तिथून पहिल्या फुलापर्यंत काही वर्षं जातात. म्हणजे तुम्ही घेतलेला गड्डा हा त्या जंगलाचा कितीतरी वर्षांचा ऐवज आहे. वनखात्याच्या राखीव जंगलातून काढणं गुन्हा आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात तर अख्खं ऑर्किड कुळच येतं, ते वेगळं. पण कायदा बाजूला ठेवा, हे झाड घरी जगतही नाही, कारण ओढून काढताना मुळं तुटलेली असतात आणि त्याची सगळी मदार मुळांवर.

ओळखायचं कसं, तर पानं फाटकी, कीड खाल्लेली, वेगवेगळ्या वयाची, मुळांची टोकं तुटलेली आणि मुळांना चिकटून सालीचे तुकडे, दगडफूल. नर्सरीतलं झाड लहान असतं, सारखं वाढलेलं असतं आणि त्याची मुळं त्याच्याच टोपलीला धरून असतात. सह्याद्रीतल्या जातीही बाटलीत बी रुजवून, टिश्यू कल्चरने तयार करता येतात. तशी रोपं हवीत म्हणून नर्सरीवाल्यांना विचारत राहा. मागणी दिसली तर ते आणतील.

कोथरूडकर

सह्यकडा, शब्दाशब्दाला अनुमोदन.

निळावंती_सिं

सिंगापूरहून लिहितेय. वँडा टेसेलाटाचं नाव वाचून राहवलं नाही. इकडे वँडा मिमी पामर नावाचा जुना संकर आहे, वासासाठी प्रसिद्ध, त्याचं एक पालक म्हणजे हेच टेसेलाटा आणि दुसरं वँडा तान चे यान. म्हणजे त्याच्या वासात आपल्याकडच्या झाडाचा वाटा आहे! माझ्या कॉरिडॉरमध्ये लटकतंय, सकाळी लिफ्टपर्यंत वास येतो आणि शेजारचे आजी-आजोबा मुद्दाम उभे राहतात. इथे वर्षभर पाऊस आणि उकाडा त्यामुळे वँडाला माती-कोळसा काहीच नाही, नुसती टोपली आणि मोकळी लोंबती मुळं, रोज सकाळी पाइपने भिजवायची. मुंबई-कोकणात हे जायला हरकत नाही असं वाटतं, भरपूर ऊन मात्र हवं, सावलीत फुलणार नाही.

वैदर्भी

हे सगळं वाचून फार छान वाटलं पण नागपूरवाल्यांनी काय करावं जी? मे महिन्यात ४५ डिग्री, नळाचं पाणीच हातात धरवत नाही. गॅलरी दक्षिणेला, बोअरचं पाणी, भांडी घासली की पांढरे डाग राहतात. आमच्या नशिबी फक्त मोगराच आहे का

सह्यकडा

@वैदर्भी ताई, टेसेलाटा तुमच्यासाठीच. ते फक्त घाटातलं नाही, मध्य भारताच्या कोरड्या पानझडी जंगलातही होतं, उन्हाळा त्याला ओळखीचा आहे. नर्सरीतलं रोप मिळेपर्यंत थांबा पण तेच घ्या. एप्रिल-मे मात्र दक्षिणेचं थेट ऊन नको, ७५ टक्के शेडनेट लावा, आणि पाणी सकाळी सहा-साडेसहाच्या आत. दुपारी टाकीतलं तापलेलं पाणी मुळांवर ओतू नका.

रानजाई

वैदर्भी ताई, तुमच्याकडे कूलर असेलच. घरात कूलर चालू असतो त्या खोलीच्या खिडकीत, वाऱ्याच्या थेट झोतात नाही पण त्याच हवेत, झाड ठेवलं तर उन्हाळ्याचे ते दोन-अडीच महिने निघतात. गारवा आणि ओलावा दोन्ही मिळतं.

आता पाणी, कारण ह्यावर कुणीच लिहिलं नाही आणि माझ्या मते खतापेक्षा ते महत्त्वाचं आहे. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं, वाळलं की रुपेरी, भिजलं की हिरवं. त्या आवरणात पाण्यातले क्षार साठत जातात आणि मुळांची टोकं काळी पडतात, मग लोकांना वाटतं पाणी जास्त झालं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, २०० च्या खाली असेल तर काळजी नाही. बोअरचं ५००-६०० लागत असेल तर पावसाचं पाणी साठवा, नाहीतर आरओचं प्यायचं पाणी अर्धंअर्धं मिसळा. आणि आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी झाडांना घालायची सवय बऱ्याच घरात आहे, बाकी झाडांचं काय ते बघा पण ऑर्किडला नको, त्यात तर सगळे क्षार दाटून आलेले असतात. एसीचं पाणी त्या मानाने मऊ असतं.

ऊनसावली

रानजाई ताई!!! आज रविवार, साडेबारा, चॉकलेट!! आईला बोलावून हुंगायला लावलं, तिला तर नानखटाईच आठवली. खूप खूप आभार.

आता दुसरा प्रश्न. कुंडीत काय भरायचं? ऑनलाइन ऑर्किड मिक्स मागवलं त्यात बराचसा कोकोपीट आहे.

कोथरूडकर

कोकोपीट काढून टाका, आजच. पावसाळ्यात ते आठवडाभर ओलं राहतं आणि मुळं गुदमरतात. ही झाडं जंगलात फांदीवर वाढतात, मुळांना हवा लागते, भिजलं की काही तासांत परत सुकायला हवं. लाकडी कोळसा (लोणारी, शेगडीचा. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या नको), विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे, सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यायचं. मातीची, बाजूला भोकं असलेली कुंडी. कोरड्या गावात सोडण जास्त, दमट गावात कोळसा-वीट जास्त.

निळावंती_सिं

कोळशाबद्दल एक पुस्ती. कोळसा क्षार धरून ठेवतो, त्यामुळे पाणी जड असेल तर वैदर्भींसारख्यांनी कोळसा कमी ठेवावा आणि वीट वाढवावी. आणि कुठल्याही कुंडीत महिन्यातून एक-दोनदा नुसतं साधं पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढावे.

कोथरूडकर

हो, हे बरोबर, माझ्या लिहिण्यात राहिलं. आमच्याकडे धरणाचं पाणी येतं म्हणून ती अडचण येत नाही.

खताचं पण सांगून टाकतो. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) सगळीकडे कृषी केंद्रात मिळतं, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून मग. ह्यापेक्षा जास्त घालून फुलं लवकर येत नाहीत, मुळं जळतात. फुलं येत नसतील तर आधी पानं बघा, गडद हिरवीगार पानं म्हणजे ऊन कमी पडतंय. पोपटी रंग हवा.

मावळतीकडे

माझ्या फॅलेनॉप्सिसचं मधलं पान जुलैत एकदम काळं पडून हातात आलं, वास पण येतोय (चांगला नाही). वाचेल का? मालाड, दहावा मजला, पाऊस थेट आत येतो.

रानजाई

@मावळतीकडे, ह्याला गाभा कुजणं म्हणतात. फॅलेनॉप्सिसची पानं वाटीसारखी असतात, गाभ्यात पाणी साचून राहिलं की कुजतं. जंगलात ते झाड फांदीवरून तिरकं लोंबतं त्यामुळे पाणी आपोआप निथळतं, आपण ते कुंडीत सरळ उभं करतो म्हणून हा त्रास. आता पावसातून आत घ्या, कुजलेला भाग स्वच्छ ब्लेडने चांगल्या भागापर्यंत कापा, जखमेवर दालचिनीची पूड दाबा (मुळांना लावू नका, ती मुळं वाळवते) आणि पंख्याखाली कोरडं ठेवा. गाभा गेला असेल तर वरून नवीन पान येणार नाही, पण मुळं चांगली असतील तर बुंध्याच्या बाजूने पिल्लू फुटू शकतं, म्हणून लगेच फेकू नका. पुढच्या वेळी कुंडी कलती ठेवा किंवा लाकडाच्या फळीवर आडवं बांधा. बेलिनाची पानं तर अजून रुंद, तिथे ही काळजी जास्तच.

सुपारीबाग

उशिरा आलो धाग्यावर, आमच्याकडे लाइटच नव्हती. गुहागरजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. आम्ही कुंडीच्या भानगडीत पडत नाही, सरळ झाडावर बांधतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की बांधायचं, म्हणजे पुढचे चार महिने पाणी वरूनच मिळतं आणि दसऱ्यापर्यंत नवी मुळं सालीला धरतात. आंबा, फणस उत्तम. पेरूवर बांधू नये, त्याची साल सुटून पडते, बरोबर आमरी पण खाली. बांधायला सुती कापडाची पट्टी किंवा काथ्याची दोरी, प्लॅस्टिकची नको, खोडात रुतते. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला बांधायचं, दुपारचं ऊन लागत नाही.

पावसात मोठा शत्रू म्हणजे गोगलगाय आणि शेंबडी. रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा चांगला उपाय मला तरी माहीत नाही. मुळांची हिरवी टोकं आणि कोवळा फुलदांडा एका रात्रीत फस्त करतात.

आणि पोफळीवाल्यांसाठी एक खास. पावसाआधी फळगळीसाठी आपण बोर्डो मिश्रण मारतो, ते खाली ऑर्किडवर पडतं. त्यात मोरचूद असतं आणि डेंड्रोबियमला तांब्याची फवारणी सोसत नाही. फवारणीच्या दिवशी खाली बांधलेल्या आमरी गोणपाटाने झाका, नाहीतर त्या पोफळीच्या रांगेत बांधूच नका, आंब्यावर न्या.

सह्यकडा

सुपारीबाग काका, बोर्डोचं हे कुठल्याही पुस्तकी माहितीत वाचायला मिळालं नव्हतं, फार कामाचं आहे. तुमच्याकडे एरिडीस आहे का?

सुपारीबाग

आमच्या जुन्या आंब्यावर आपसूक आलेली आहे, आजोबांच्या वेळेपासून. कुणी लावली नाही, कुणी काढायची नाही असा घरात नियम. यंदा शेंग धरली तर ती फुटेपर्यंत झाडावरच ठेवणार, बी उडून शेजारच्या फणसावर लागलं तर बघू.

वैदर्भी

सर्वांचे खूप आभार. टीडीएस मीटर आणला, ६४० दाखवतोय! पावसाचं पाणी साठवायला ड्रम घेतला. एक शंका राहिली, मला नर्सरीतून टेसेलाटाच्या ऐवजी बेलिना मिळतंय, फुलून गेलेलं, दांडा अजून हिरवा आहे. घेऊ का, आणि दांडा कापायचा का?

रानजाई

दांडा कापू नका! बेलिना त्याच दांड्यावर पुढे पुन्हा कळ्या काढतं, दांडा स्वतःहून पिवळा पडून वाळेपर्यंत तसाच ठेवायचा. पण नागपुरात बेलिना म्हणजे उन्हाळाभर रोजची राखण, त्याला साठवणीचा कंद नाही आणि कोरडी हवा सोसत नाही. आता पाऊस चालू आहे तेव्हा घ्यायला हरकत नाही, ऑक्टोबरपर्यंत ते तुमच्याकडे आनंदात राहील, मग थंडीत रात्री पारा १५ च्या खाली जायला लागला की खिडकीपासून आत घ्या. आणि नर्सरीवाल्याकडे टेसेलाटाची मागणी नोंदवून ठेवा, बाटलीत रुजवलेलंच पाहिजे असं स्पष्ट सांगून.